भिकू खारव्याची होडी

फार वर्षांपूर्वी, आपली माणसं मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत राबायला गेली त्या काळची ही गोष्ट. तिथं समुद्रकाठच्या एका वस्तीत भिकू खारवी राहायचा. मूळचा रत्नागिरीकडचा. त्यानं वल्हं हातात घेतलं की वारासुद्धा वाट देई, असं म्हणतात.

एकदा मजूर घेऊन आलेल्या जहाजावर पटकीची साथ पसरली. साहेबानं सगळ्या उतारूंना समोरच्या ओसाड बेटावर उतरवलं आणि जहाज निघून गेलं. बेटावर ना वैद्य, ना गोडं पाणी. वारा तिकडून सुटला की वस्तीत हाका ऐकू यायच्या. आपल्याच बोलीतल्या.

भिकूनं घागरी भरल्या. मजुरांचा मुकादम लखू त्याला आडवा आला.

"जायचं तर जा. पण पटकी घेऊन या किनाऱ्याला पाय लावायचा नाही."

"बरं," म्हणाला भिकू, आणि त्यानं होडी लोटली.

तेव्हापासून तो होडीतच राहू लागला. त्याची बायको गोदू भरल्या घागरी खडकावर ठेवून मागं सरायची, मग तो त्या उचलायचा.

"जेवलात का?" ती लांबून विचारायची.

"जेवलो गं," तो खोटंच सांगायचा.

सगळं बेट प्यायलं तरी त्या घागरींचा तळ दिसत नसे, असं म्हणतात.

मग एका दुपारी होडी हेलपाटत किनाऱ्याजवळ आली. भिकूचे डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते.

"गोदू, घरी यावंसं वाटतंय," तो म्हणाला.

गोदू पाण्यात शिरली. माणसांनी तिला धरून ठेवलं. लखूनं मान खाली घातली, पण तो बाजूला झाला नाही. भिकू थोडा वेळ आपल्या खोपटाकडे बघत राहिला. मग त्यानं होडी वळवली. कुणी त्याला हाक मारली नाही.

साथ सरल्यावर बेटावरची जगलेली माणसं वस्तीत आली.

"आमचा पाणीवाला कुठाय?" त्यांनी विचारलं. "शेवटी शेवटी तो दिसेना. होडी एकटीच यायची, भरल्या घागरी घेऊन."

त्या दुपारनंतर गोदूनं एकही घागर भरली नव्हती. ती लखूशी मरेपर्यंत बोलली नाही.

अजूनही त्या वस्तीत कुणी आजारी माणूस दाराशी आला, ओळखीचा असो की परका, तर त्याला उंबऱ्याबाहेर उभं करत नाहीत. हाताला धरून आत नेतात, अंथरुणावर निजवतात, आणि मगच विचारतात, बाबा, तू कुठला? याला तिथं 'भिकूला घरी आणणं' म्हणतात.