रणधवलाला थांबवणारा केरोबा

फार फार मागची गोष्ट. तेव्हा भोकरतळ्यात अक्षर ओळखणारा माणूस एकच, केरोबा गुरव. चातुर्मासात दुपारची जेवणं उरकली की तो देवळात पोथी सोडायचा, जुन्या वीरांच्या कथा वाचायचा आणि त्यांचा अर्थ सांगायचा. लोकांची कामं खोळंबायची, पण उठायचं नाव कुणी घ्यायचं नाही.

त्या साली त्यानं नवी पोथी लावली होती, रणधवल राजपुत्राची. ज्या दिवशी पोथीतला रणधवल आईच्या पाया पडून लढाईला निघाला, त्याच दिवशी गावातल्या सगुणेचा एकुलता एक येसू फौजेत गेला. पुढं रणधवलाला ताप आला की इकडं सगुणा अन्न टाकायची. दोघांची नशिबं एकाच दोऱ्यात गुंफलीत, असं तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच. लोक हसायचे. लोकांचं काय जातंय!

एके दिवशी केरोबानं पान उलटलं, पुढच्या ओव्या आधी नजरेखालून घातल्या आणि त्याचा चेहरा उतरला. आणखी नऊ ओव्यांनी रणधवल पडणार होता. सगुणा उठून उभी राहिली.

“केरोबा, तुमचं तोंडच सांगतंय. त्यो माझा येसू हाय. त्याला मारू नगा.”

केरोबा पेचात पडला. पोथीत नाही ते वाचणं पाप, आणि लावलेली पोथी अर्ध्यावर बांधणं अशुभ. त्याला सगुणेची दया आली, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. न जाणो, बाईचं खरंच असलं तर? मग त्यानं एकच ओवी वाचली आणि अर्थ सांगायला बसला. रणधवलाच्या घोड्यावरून नालबंदावर गेला, नालबंदावरून त्याच्या बायकोच्या माहेरच्या नदीवर, नदीवरून नावाड्यावर. आणि त्या नावाड्यानं पुरातून काढलेलं पोर म्हणजे हाच रणधवल! लोक कपाळाला हात लावायचे आणि दुसऱ्या दिवशी लवकर येऊन पुढची जागा धरायचे. एका ओवीला एक चातुर्मास पुरला. असे आठ गेले. तेवढी वर्षं रणधवलावर उगारलेली तलवार हवेत तशीच थांबली होती, असं म्हणतात, आणि उगारणाऱ्याचा हातही भरून आला नाही.

नवव्या साली केरोबा खंगला. एकच ओवी उरली होती. ती न वाचता तो आठवीचाच अर्थ लांबवत राहिला. बोलताना धाप लागायची, तरी थांबायचा नाही.

कार्तिकीच्या आदल्या दुपारी देवळाच्या पायरीशी एक लंगडा शिपाई येऊन टेकला. येसूच होता तो. सगुणेनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं आणि केरोबाला म्हणाली, “वाचा आता.”

केरोबानं नववी ओवी वाचली. रणधवल पडला. पोथी बांधून केरोबानं तिच्यावर डोकं टेकलं ते पुन्हा उचललंच नाही, असं म्हणतात.

पोटचा पोर शेजारी बसलेला, तरी सगुणा धाय मोकलून रडली. “माझा आला, त्याच्या आईचा न्हाय आला!” त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही.

अजूनही भोकरतळ्यात कार्तिकीच्या आदल्या दिवशी कुणाची चूल पेटत नाही. केरोबाच्या नावानं पोथी सोडतात. शेवटची ओवी वाचायचा मान त्या साली दूरदेशाहून सुखरूप परतलेल्या माणसाचा. आणि गेलेलं कुणी अजून यायचं असेल, तर ती वाचतच नाहीत. सगळं गाव आठव्या ओवीचा अर्थ सांगत बसतं.