मानकोजीचा जाळबुरूज

हा बुरूज बघा, पाहुणे. सगळा सावरगड शेवाळानं हिरवागार, पण याच्या माथ्यावर गवताची काडी धरत नाही. याला जाळबुरूज म्हणतात.

मानकोजी दरेकर इथला किल्लेदार. दरीपलीकडचा भोरकडा त्याचा धाकटा भाऊ सुभानजी राखायचा. अडचण आली की बुरुजावर जाळ करायचा आणि दुसऱ्यानं धावून यायचं, अशी दोघांत खूण होती. एकदा सुभानजीनं जाळ केला आणि मानकोजीनं वेढा मोडून त्याला सोडवलं. त्या विजयाच्या पंगतीत मानकोजी सगळ्यांदेखत म्हणाला, "भोरकड्याचा जाळ सावरगड बघेल. सावरगडाचा जाळ मात्र कुणाला दिसायचा नाही!" सुभानजी मान खाली घालून जेवला, असं सांगतात.

पुढे भाद्रपदात सावरगडालाच वेढा पडला. सुभानजीनं चोरवाटेनं माणूस धाडला, "दादा, येऊ का?" मानकोजीनं उलट निरोप दिला, "जाळ दिसला तर ये. न बोलावता आलास तर तोफ तुझ्यावरही डागीन."

त्याच आठवड्यात धान्याच्या कोठारावर वीज कोसळली. माणसं पाला उकडून खाऊ लागली. मानकोजीची बायको भिवाई म्हणाली, "धनी, जाळ करा. भाऊ हाय त्यो, वैरी न्हाई."

"भाऊ आहे म्हणूनच नाही."

स्वतःच्या वाटची पेज ती गडावरच्या बाळंतिणींना देत होती, हे मानकोजीला कळलं तेव्हा ती अंथरुणातून उठेनाशी झाली होती. तिला अग्नी देऊन तो तडक बुरुजावर आला. वाड्याच्या दाराच्या फळ्या, पालखीचा दांडा, स्वतःचा पलंग, सगळं आपल्या हातांनी रचून त्यानं पेटवलं. दगड तडकले म्हणे, असा जाळ! आणि नेमकं त्याच सांजेला दरीतून धुकं चढलं. पलीकडे सुभानजी डोळे ताणून उभा होता. त्याला काही म्हणता काही दिसलं नाही.

धुकं हटेना. तेव्हा त्याच धुक्याच्या आडोशानं मानकोजीनं सगळ्यांना चोरवाटेनं खाली उतरवलं. "तुम्हीही चला," लोक विनवू लागले.

"माझ्या ताठ्यानं जे खाल्लं ते खाल्लं," तो म्हणाला. "पण गड मी देत नाही. जा!"

मग एकट्यानं नगारा धरला. वर फौज जागी आहे असं वाटून शत्रू चढायला धजेना, तोवर माणसं भोरकड्याला पोचली. नगारा थांबल्यावर दार फुटलं. मानकोजी नगाऱ्यावर ओणवा पडलेला होता, प्राण गेलेला. टिपरी मुठीतून सोडवता आली नाही, आणि गडाच्या किल्ल्या काही केल्या सापडल्या नाहीत.

आजही भाद्रपदात भोरकड्याचे लोक भाकऱ्यांच्या पाट्या डोक्यावर घेऊन, भर पावसात हा गड चढतात. आम्ही सावरगडचे लोक दारात आडवे होतो आणि दरडावतो, "कुणी बोलावलं रे तुम्हाला?"

ते छाती काढून म्हणतात, "कुणी न्हाई. डागा तोफ!"

आणि आम्हाला ढकलून आत शिरतात.