शिंक्यावरचं दही

निवांत महाराजांचा मुक्काम तेव्हा बोरखिंडीत होता. सारा गाव दर्शनाला लोटला होता. पण गावाच्या जिभेवर विषय एकच, लखबा गवळ्याच्या शिंक्यावरचं मडकं!

सत्तावीस दिवसांपूर्वी लखबाची बायको सरू सांजेला दही लावून निजली, ती उठलीच नाही. तेव्हापासून त्या मडक्याला लखबाने कुणाचा हात लागू दिला नव्हता. ते उतरवलं की सरू खरंच गेली, एवढंच त्याला कळत होतं. आत काय झालं असेल? पाणी? किडे? पाण्याला जाणाऱ्या बायका दारातून माना वाकड्या करून बघत. खरं सांगा, तुम्ही तरी डोकावला नसता का?

विसाजी चौगुला तर दर्शनाला आलेल्या लखबाकडे बोट दाखवून महाराजांसमोरच हसला. "ह्या येड्यानं दह्याचा देव केलाय! माझी बायको भागूही गेली तीन वर्सांमागं. तिसऱ्या दिवशी औत धरलं मी. डोळ्याला टिपूस नाही!"

महाराज हसले नाहीत. लखबाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ऊन फार झालंय रे. सरूच्या हातचं दही खाऊ घालशील?"

लखबाने हात जोडले. "गाय न्या, महाराज. पण तेवढं मागू नका."

"तिनं ते लावलं कशाला, बाळा?"

लखबा पुटपुटला, "सकाळी मला वाढायला."

"मग तिचं काम अर्धं का ठेवलंस?"

लखबा उठून घराकडे निघाला. मागोमाग अख्खा गाव! चौगुल्याने तर आधीच उपरणं नाकाला लावलं. लखबाने मडकं उतरवलं, झाकणी काढली... आणि काय नवल! आत पांढरंशुभ्र, घट्ट कवड्यांचं दही, वर जाड साय, जणू आत्ताच लागलेलं!

महाराजांनी पहिला घास लखबाला भरवला. सत्तावीस दिवस कोरडे राहिलेले त्याचे डोळे घळाघळा वाहू लागले. मग एकेकाच्या तळहातावर कवडी पडली. चौगुल्याने नाकावरचं उपरणं काढलं, जीभ लावली आणि तो थिजलाच.

"ही चव... ही तर आमच्या भागूच्या दह्याची!"

"असणारच," लखबा म्हणाला. "वैनी विरजण सरूकडूनच न्यायच्या की."

तीन वर्षांचं अडवलेलं रडू एकदम फुटलं. ताठ मानेचा चौगुला महाराजांच्या पायांवर कोसळला. महाराजांनी त्याला उठवलं आणि नुसतं लखबाकडे पाहिलं. चौगुला त्याच्याहीपुढे वाकला.

मडक्याच्या तळाशी थोडं उरलं होतं. लखबाने त्यातलं निम्मं ठेवलं, निम्मं द्रोणात काढून चौगुल्याच्या ओंजळीत दिलं.

"दूध कोमट असू द्या, चौगुले," तो म्हणाला. "आणि सांजेलाच लावा. वैनी लावायच्या तसं."