पाटीचा भाव आणि दारपट्टी

डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

एका बर्फाळ राज्यात घरोघरी कोळशावर ऊब मिळायची, आणि कोळसा विकणारा व्यापारी एकच. थंडी वाढली की तो भाव वाढवी. शेवटी राजाने दवंडी पिटवली: "कोळशाच्या एका पाटीला दोन नाण्यांहून जास्त घेऊ नये. लाकूडतोड, भट्टी आणि गाडीभाडं धरून हा भाव ठरवला आहे. दर ऋतूला खर्च तपासून तो नव्याने ठरेल."

लोकांनी गूळ वाटला. गावच्या म्हाताऱ्या सुईणीनेही वाटला.

आठवड्याने ती एका कुंभारणीच्या घरी होती. पहाटे मुलगी झाली होती, एवढीशी, गारठलेली. शेगडीत नुसती राख. रीतीप्रमाणे शेजारणींनी आपापल्या चुलीतला एकेक निखारा मडक्यात आणून दिला, पण तो किती पुरणार? तेवढ्यात कोळशाची गाडी आली.

"एक पाटी दे. ही दोन नाणी," सुईण म्हणाली.

"आणि दारपट्टीची तीन," व्यापारी म्हणाला. "गाडी दारापर्यंत आली ना!"

"अरे, मर्यादा दोनाची आहे!"

"पाटीला आहे, म्हातारे. दाराला कुठे आहे? हवेलीवाले दहा पाट्या घेतात, तीन नाण्यांसाठी कुरकुरत नाहीत. कोळसा नको तर राहू दे, दारपट्टी मात्र टाक."

सुईणीने बाळ आईच्या उराशी बांधलं, विझलेली शेगडी डोक्यावर घेतली आणि तडक दरबारात नेऊन आदळली. व्यापारी धावत मागे आला.

"महाराज, तुमची दवंडी पुन्हा वाचायला सांगा."

कारकून वाचू लागला. 'गाडीभाडं धरून' हे शब्द येताच ती ओरडली, "थांब! मग एकाच गाडीचं भाडं दोनदा कसं?"

व्यापारी चिडला. "पट्टी बंद केलीत तर गाडीच आणणार नाही!"

"नको आणूस! जंगल राज्याचं, भट्टी रचायला हात आमचे. तू बस तुझ्या कोळशावर!"

मागे कसला तरी आवाज झाला. गावातल्या बायका आपापली थंड शेगडी घेऊन दारात उभ्या होत्या. व्यापाऱ्याची मान खाली गेली.

राजा म्हणाला, "सुईणबाई, चूक माझी. कुंपण घातलं आणि फाटक उघडंच ठेवलं. आजपासून पाटीची दारात पडणारी पूर्ण किंमत दोन नाणी. आणि व्यापाऱ्या, घेतलेली पट्टी घरोघरी जाऊन परत कर."

दुपारी कुंभारणीच्या शेगडीत निखारे फुलले. बाळाच्या अंगात ऊब आली, आणि त्याने पहिल्यांदा मोठ्याने भोकाड पसरलं.

"रड गं बाई," सुईण हसली. "गारठ्यात गप्प बसायचं नसतं."

तात्पर्य: ज्या मर्यादेला पळवाट आहे ती गरिबाला राखत नाही, पळवाट दिसताच ओरडावंच लागतं.