खंडेनवमीची सुट्टी

खंडेनवमीचा दिवस, सकाळचे नऊ. एका लोहाराच्या दुकानात कानस, हातोडा अशी सगळी हत्यारे पूजेसाठी पाटावर मांडलेली होती. त्यांच्यातच दुरुस्तीला आलेले एक जुने, खिशात मावणारे पिस्तूल होते. त्यात गोळी होती.

चाप अडवून धरणारी त्याची कळ कळवळून म्हणाली, "कानसताई, माझी खाच झिजलीय. जरा घासून दे. चाप आता माझ्याने धरवत नाही."

"अगं, आज आमचा सण!" कानस म्हणाली. "आज कामाला हात लावायचा नसतो."

"आत गोळी आहे, ताई!"

"मग तुझ्या मालकाने तुला आधी पाठवायचं होतं ना," हातोडा हसला. "वर्षभर आम्ही ठोकायचं आणि आज पण? हळदकुंकू लावून घे आणि गप्प बस."

लोहाराची मुलगी तुळसा हार घेऊन आली. पिस्तुलाला हार घालताना फुलांचा दोरा चापात अडकला. तिने तो सोडवायला ओढला. कळ निसटली.

तुळसा पाटावरच कोसळली. पुन्हा उठली नाही.

सुतकात दुकान बंद राहिले. हत्यारांना आणखी सुट्टी मिळाली. आम्ही नियम पाळला, असे सगळी एकमुखाने सांगतात. खाच घासायला कानशीचे दोन हात पुरले असते. ते का फिरले नाहीत, हे अजून कोणी सांगितलेले नाही.