बाभळीचं पिवळं फूल

माणसं नुकती विहिरी खणायला शिकली होती, तेव्हाची गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीला सुगरण पक्षी घरटं विणायचा आणि त्यावर ओल्या चिखलाने एक पिवळं फूल चिकटवायचा. ते फूल त्याची पिल्लं आणायची; आधी बाभळीचे आभार मानायची, मगच फूल तोडायची.

शेजारचा कावळा ते फूल रोज उपटून फेकायचा. "फुलाने घरटं घट्ट होतं का रे? पोरांना कसले नाद लावतोस!"

"घट्ट नाही होत. पण पोरं गात घरी येतात," सुगरण पक्षी म्हणाला. "तू रोज काढ, मी रोज लावणार!"

हे सगळं कावळ्याचं पिल्लू एकटंच बघत बसायचं. एके दिवशी सुगरण पक्ष्याच्या पिल्लांनी त्याला आपल्यात खेळायला बोलावलं.

दुसऱ्या सकाळी कावळा आला, तर त्याचंच पिल्लू चिखलाने माखलेल्या चोचीने त्या घरट्यावर फूल चिकटवत होतं.

"बाबा, काढा खुशाल," ते म्हणालं. "मी पुन्हा लावणार!"