डेमोनंतरची खोली

“मग माझं नाव आल्यावर तुम्ही गप्प का बसलात, सर?”

काझी सर संगणक प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसून पेरू खात होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

डॉ. धनंजय वाघचौरे समोर उभा होता. मुलाखतीसाठी घातलेल्या कोटाचं बटण त्याने रागाने सोडलं, पुन्हा लावलं.

बातमी बाहेर यायला वेळ लागला नव्हता. त्या विद्यापीठात मोर्चाचं निवेदन कपाटात वर्ष वर्ष पडून राहायचं, पण बंद खोलीतलं बोलणं चहाच्या कपांबरोबर बाहेर यायचं. सकाळच्या डेमोनंतर, म्हणजे समितीसमोर घेतलेल्या नमुना तासानंतर, निवड समितीतल्या बाकी प्रत्येकाने धनंजयचं नाव घेतलं होतं. काझी सर मात्र म्हणाले होते, “जेवणानंतर सांगतो.”

आणि काझी सर तर त्याचे स्वतःचे गुरू. गणित त्यांनी शिकवलं, पहिला प्रोग्राम त्यांच्याच हाताखाली लिहिला. आपला माणूस असला की डोळे मिटून हात वर करायचा, हा तिथला रिवाज. परक्यांनी हात वर केले, आणि आपल्याच माणसाने पेरू काढला.

“बस,” सर म्हणाले.

“बसायला वेळ नाही सर. अध्यक्षांना गाडी गाठायचीय. आज सह्या झाल्या नाहीत तर ही निवड रद्द. मग नवी जाहिरात, नवी समिती... आणि तोवर ही जागाच राहील की नाही, कुणाला माहीत.”

तो खोटं बोलत नव्हता. विद्यापीठाने मोठ्या थाटात ठराव केला होता की, इतिहासाचा असो, संगीताचा असो, वनस्पतीशास्त्राचा असो, प्रत्येक विद्यार्थ्याला संगणक आलाच पाहिजे. टाळ्या झाल्या, फोटो छापून आले. शिकवणार कोण, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणी विचारलं नाही. सगळ्या विभागांतली मुलं एका खोलीत कोंबली आणि त्यांच्यापुढे धनंजयला उभं केलं, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर माणूस, नाही घेतला तर कोणीच नाही.

आता कुठे कायम जागा निघाली होती. एकच.

“सर, मी इतकी वर्षं...”

“तासिका तत्त्वावर शिकवतोयस,” काझी सर म्हणाले.

“हो. आणि दर जूनला...”

“नव्याने अर्ज करतोस. तेच फोटो, तीच प्रमाणपत्रं.”

“घरी तर आता...”

“घरी आता विचारायचंही सोडून दिलंय.”

धनंजय थबकला. एक शब्द चुकला नव्हता. त्याने घसा खाकरला.

“सर, माझ्या वर्गात आजवर...”

“एकाही मुलाचा प्रोग्राम अडून राहिलेला नाही.”

“तेच म्हणतोय मी. कला शाखेची मुलं आहेत, ज्यांना...”

“फाईल कुठे साठवली ते सापडत नाही.”

“सर, मला बोलू तरी द्या.”

काझी सरांनी पहिल्यांदा वर पाहिलं. “का? चुकीचं बोललो मी?”

“नाही.”

“मग?”

“पण... सांगायचं मला होतं ना.”

सरांनी पेरूचा उरलेला अर्धा भाग रुमालात गुंडाळला आणि ते उठले.

“चल.”

प्रयोगशाळेत एकच मुलगी उरली होती. सगुणा खिल्लारे, इतिहासाच्या एम.ए.ची. सकाळच्या डेमोत हिचाच प्रोग्राम अडला होता, सगळ्या समितीसमोर. धनंजय तिच्या खुर्चीपाशी गेला होता, “सरका जरा” म्हणाला होता आणि माऊस हातात घेतला होता. बघता बघता पडद्यावर सगळं नीट. समितीने माना डोलावल्या. अध्यक्ष म्हणाले होते, वा, असा माणूस हवा.

काझी सर तेव्हा पडद्याकडे बघत नव्हते. ते त्या मुलीच्या हाताकडे बघत होते. माऊस गेल्यावर तो हात मांडीवर जाऊन पडला होता आणि तास संपेपर्यंत तिथेच होता.

“बेटा, सकाळचं काम झालं का?” सरांनी विचारलं.

“झालं सर. ह्या सरांनी केलं.”

“पुसून टाक.”

सगुणाने धनंजयकडे पाहिलं. “पुसू? सर, मेस बंद होईल माझी.”

काझी सरांनी रुमाल उघडून पेरू तिच्यापुढे ठेवला. “कापलेला आहे. उष्टा नाही.”

ती हसली. तिने धनंजयची दुरुस्ती पुसली आणि पेरूचा तुकडा तोंडात टाकला.

“तू इथे बस,” सर धनंजयला म्हणाले. “तिच्या शेजारी. हात मागे.”

“सर, मी काय शाळेतला पोरगा आहे?”

“पोरगा असतास तर सांगावं लागलं नसतं.”

धनंजय बसला. हात पाठीमागे घेतले. कोट खांद्यांवर ताणला गेला.

सगुणाने प्रोग्राम चालवला. पडद्यावर यादी उमटली. तिने कपाळाला आठ्या घातल्या, परत चालवला. तीच यादी.

चूक कुठे आहे ते धनंजयला सकाळीच दिसलं होतं. आताही दिसत होतं. एक ओळ. त्या ओळीतला एक तुकडा. त्याचा गुडघा हलायला लागला.

“सर, काय चुकलंय?” सगुणाने त्यालाच विचारलं.

त्याने तोंड उघडलं. काझी सरांकडे पाहिलं. सर खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती सायकलींची शेड होती.

उत्तर जिभेवर होतं. ते गिळून त्याने दुसरंच काहीतरी विचारलं, विचारायचं म्हणून.

“ही यादी... कसली आहे?”

सगुणा वळून बसली. “शिलालेखांची. आमच्या तालुक्यातल्या. शकाप्रमाणे लावायचेत, जुना आधी, नवा नंतर. काही मी स्वतः घासून वाचलेत सर. एक तर गुरांच्या गोठ्यात आहे, म्हैस हलवून वाचावा लागला.”

सकाळी माऊस हातात घेताना धनंजयने हे विचारलं नव्हतं. त्याला फक्त ओळी दिसल्या होत्या.

“मग काय चुकीचं दिसतंय तुला?”

“सगळंच. हा बघा, शके नऊशे सत्त्याण्णवचा. आणि हा एक हजार पंचेचाळीसचा. ह्याने पंचेचाळीसचा आधी लावलाय. म्हणजे नातू आधी जन्मला आणि आजोबा मागून आले.”

“मग?”

“मग काय... उलटं लावून बघते.”

नाही, धनंजय मनात म्हणाला. ते नाही. मागे बांधलेल्या हातांची बोटं एकमेकांत रुतली. तिने क्रम उलटा केला. नऊशेच्या घरातले लेख वर आले, पण त्यांच्यातलाही नवा आधी आणि जुना नंतर. तिने च्च केलं आणि पुन्हा होतं तसं केलं.

दारात पावलं वाजली. नामदेव शिपाई होता, धापा टाकत.

“काझी सर, वर वाट बघतायत. अध्यक्ष साहेबांची गाडी दारात लागलीय. फक्त तुमचं मत राहिलंय. सह्या करून निघायचं म्हणतायत.”

“हो,” सर म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.

धनंजयने घड्याळ पाहिलं नाही, पण ते त्याच्या कानात वाजत होतं. एका ओळीचा प्रश्न. हात पुढे केला की संपलं. मुलगी जेवायला जाईल, सर वर जातील, सह्या होतील. इतकी वर्षं ज्या खुर्चीसाठी तो लोकांचे उंबरे झिजवत होता, ती खुर्ची आणि तो यांच्यात आता फक्त ही मुलगी होती, जी यादीकडे बघत पेरूच्या बिया दातांतून काढत होती.

त्याचा उजवा हात सुटला. पुढे आला. माऊसपर्यंत आला.

सगुणाने सवयीने आपला हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

धनंजयने तो हात पाहिला.

खोलीत पंखा फिरत होता. वरून नामदेवला कोणीतरी हाक मारली. “आलो, आलो,” तो ओरडला, पण गेला नाही.

धनंजयने आपला हात मागे घेतला. मागे ठेवायचा भरवसा वाटेना, म्हणून मांडीखाली दाबून त्यावर बसला.

“बघ तू,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. “मला... घाई नाही.”

सगुणा त्याच्याकडे बघत राहिली, चेष्टा तर नाही ना हे पाहत. मग पडद्याकडे वळली. बोट पडद्याला लावून वरून खाली आली.

“एकने सुरू होणारे सगळे एकत्र,” ती पुटपुटली. “मग एकदम नऊने सुरू होणारे. मोठा लहान बघतच नाहीये हा. पहिलं अक्षर बघतोय. शब्दकोशात लावतात तसं...”

ती थांबली.

“सर... ह्याला हे आकडे वाटतच नाहीयेत.”

मांडीखालचा हात बधिर झाला होता.

ती त्या ओळीवर गेली. चुकीचं काही टाकलं, खोडलं, पुन्हा टाकलं. त्याने फक्त ओठ चावले. मग तिने यादी चालवली. आजोबा वर गेले, नातू खाली आले. गोठ्यातला लेख जिथे असायला हवा तिथे जाऊन बसला.

“हा बघा,” ती म्हणाली. त्याला नव्हे, काझी सरांना नव्हे. पडद्यालाच.

नामदेवने दाराच्या चौकटीला धरलं. “सर, अध्यक्ष गाडीत बसतायत. उमेदवाराचं काय, एवढंच विचारतायत. काय सांगू त्यांना?”

काझी सर खिडकीतून वळले. त्यांनी धनंजयकडे पाहिलं. तो अजूनही स्वतःच्या हातावर बसला होता.

“सांगा,” ते म्हणाले, “उमेदवार आत्ताच आलाय.”